टॉवेलचं सरासरी वजन, ९५ टक्के कॉन्फिडन्स आणि नानांचा प्रश्न

टर्किश_टॉवेल
११ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचत होते, आज धागा काढायची वेळ आली.

मी एस.वाय.ला आहे, विषय संख्याशास्त्र. घरचं सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आठ मागांचं शेड आहे, टर्किश टॉवेल निघतात. घरी आम्ही तेलुगू बोलतो आणि वडिलांना नाना म्हणतो, तेव्हा खाली नाना आलं की आजोबा समजू नका.

झालं असं, परगावच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला की तुमचा माल हलका आहे. ठरलेलं वजन डझनाला ५ किलो ४००, म्हणजे नगाला ४५० ग्रॅम. त्याच्या काट्यावर डझन ५ किलो २५० च्या आसपास भरतोय. बिलातून कापतो म्हणाला. नाना तापले. सूत तेच, माग तेच, मग वजन जातंय कुठं? मी म्हटलं थांबा, मी काढून देते, नुकतंच शिकलेय.

२५ टॉवेल काट्यावर ठेवले. सरासरी ४३७ ग्रॅम, प्रमाण विचलन (वजनांचा पसारा) १५. प्रमाण त्रुटी १५ भागिले २५ चं वर्गमूळ, म्हणजे ३. टी-तक्त्यात २४ (पंचवीस वजा एक) पुढचा आकडा २.०६४. गुणाकार ६.२. म्हणजे ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (मराठी पुस्तकात मध्यांतर) ४३०.८ ते ४४३.२. यात ४५० नाही, म्हणजे व्यापारी खरं बोलतोय असं दिसतंय. नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे शंभरातले पंच्याण्णव टॉवेल ४३१ ते ४४३ मध्ये बसतात?" मी हो म्हणणार होते, पण वहीत बघितलं तर २५ पैकी फक्त ८ त्या हद्दीत. नाना हसले आणि चहा प्यायला गेले.

दुसरं म्हणजे, मागच्या चाचणीत मी लिहिलं होतं, "समष्टीची सरासरी या मध्यांतरात असण्याची शक्यता ९५ टक्के आहे." (समष्टी म्हणजे ज्यातून नमुना घेतला तो सगळा माल.) त्यावर लाल काट. कारण लिहिलेलं नाही. मैत्रिणीने पुस्तकातलं वाक्य पाठ करून लिहिलं, तिला पूर्ण गुण. तिलाही अर्थ विचारला तर सांगता येत नाही.

मग ते ९५ टक्के नक्की कशाचे?

सातरस्ता
११ मे, रात्री ११.०५

आम्ही काटा बघून टॉवेल घेतच नाही बगा, हात लावून घेतो. बाकी नाना भारी माणूस हाय. पहिल्याच प्रश्नात विकेट.

एन_वजा_एक
१२ मे, सकाळी ७.१५

आधी नानांचा प्रश्न, कारण तो जास्त महत्त्वाचा आहे आणि वर्गात कुणी विचारत नाही.

तुझ्या वहीत दोन वेगळे पसारे आहेत. एक टॉवेलांचा: एक टॉवेल ४१५ भरतो, दुसरा ४५८. हा पसारा १५ ग्रॅमचा. वजनं साधारण घंटेच्या आकारात विखुरलेली असतील तर शंभरातले पंच्याण्णव टॉवेल ४३७ च्या दोन्ही बाजूंना तिसेक ग्रॅममध्ये, म्हणजे सुमारे ४०७ ते ४६७ मध्ये सापडतील. नाना जे विचारत होते त्याचं उत्तर हे.

दुसरा पसारा सरासरीचा. तू उद्या दुसरे २५ घेतलेस तर सरासरी ४३७ येणार नाही, ४३४ येईल किंवा ४४१. परवा आणखी वेगळी. या येणाऱ्या-जाणाऱ्या सरासऱ्यांचा पसारा ३ ग्रॅमचा. जड आणि हलके टॉवेल एकाच ढिगात आले की एकमेकांना सावरतात, म्हणून सरासरी एकेका टॉवेलाइतकी हेलकावत नाही. तुझं मध्यांतर या दुसऱ्या पसाऱ्यातून निघालंय. त्यात टॉवेल शोधायचेच नाहीत. ८ सापडले तेच बरोबर, त्या रुंदीत साधारण एक तृतीयांशच यायला हवेत.

आणि नानांना सांग, तुम्ही आयुष्यभर हेच करत आलात. डझनाचा डझन तोलण्यात फायदा काय? एक नग तोलला तर १५ ग्रॅम इकडे-तिकडे. बारा एकदम तोलून बाराने भागलं तर फरक १५ भागिले बाराचं वर्गमूळ, सव्वाचार ग्रॅमच्या आसपास. सरासरी एकेका नगाहून कमी हेलकावते, हे डझन तोलणाऱ्याला सूत्राशिवायही साधतं.

लाल काटेबद्दल संध्याकाळी लिहिते, आता तास आहे.

कडक_भाकरी
१२ मे, सकाळी ९.३०

माझा मुलगा बारावीला आहे, त्याला हा धागा वाचायला दिला. म्हणाला, आई हे सिलॅबसमध्ये नाही. बरं बाबा.

एन_वजा_एक
१२ मे, संध्याकाळी ६.५०

आता लाल काट.

गड्ड्याच्या जत्रेत रिंग फेकायचा खेळ असतो, आठवतोय? पाटावर साबण, डब्या, एखादं घड्याळ मांडलेलं आणि आपण दोरीबाहेरून रिंग टाकतो. घड्याळ जागचं हलत नाही. हलते ती रिंग. एखादा पोरगा इतका तरबेज असेल की शंभर रिंगांपैकी पंच्याण्णव घड्याळावर बसतात, तर "९५ टक्के" हा त्या पोराच्या हाताचा गुण झाला. आता त्याने एक रिंग टाकली आणि ती पडून स्थिर झाली. बसली असेल तर बसली, नसेल तर नाही. पडलेल्या रिंगेला टक्के चिकटवण्यात अर्थ नाही.

तुमच्या आठ मागांवर निघणाऱ्या टॉवेलांची खरी सरासरी म्हणजे ते घड्याळ. ती एक ठरलेली संख्या आहे, आपल्याला ठाऊक नाही इतकंच. तुझं ४३०.८ ते ४४३.२ ही पडलेली रिंग. २५ टॉवेल वेगळे निघाले असते तर रिंग वेगळीकडे पडली असती. पद्धत शंभरदा वापरली तर सुमारे पंच्याण्णव वेळा जे मध्यांतर हाती येईल त्यात खरी सरासरी असेल. जेर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये ही कल्पना मांडली ती नेमकी याच अर्थाने, टक्केवारी पद्धतीची म्हणून.

जत्रेत आणि इथे एकच मोठा फरक. जत्रेत रिंग बसली की नाही ते दिसतं. इथे घड्याळावर कायमचा रुमाल टाकलेला आहे.

हिंजवडीकर
१२ मे, रात्री ९.१०

मूळचा सोलापूरचा, पोटापाण्यासाठी पुण्यात. ताईंचं म्हणणं पुस्तकी दृष्टीने बरोबर आहे, पण मला हा शब्दच्छल वाटतो. बारा वर्षं डेटावर काम करतोय. मीटिंगमध्ये सगळे "खरा आकडा यात असण्याची शक्यता ९५ टक्के" असंच म्हणतात आणि त्यावरून घेतलेला एकही निर्णय त्या शब्दामुळे चुकलेला मी पाहिला नाही. रुमाल टाकलेलाच आहे ना? मग मला ठाऊक नसलेल्या गोष्टीबद्दल मी "९५ टक्के वाटतं" म्हटलं तर बिघडलं काय? मुलीचे गुण कापायला नको होते.

सातरस्ता
१२ मे, रात्री ९.२२

आली बे आली, मारामारी आली. शेंगदाणे घेऊन बसतो.

एन_वजा_एक
१२ मे, रात्री १०.३०

@हिंजवडीकर, टॉवेलच्या उदाहरणात तुम्ही म्हणता ते फारसं चुकत नाही हे मान्य. आधी काहीच माहीत नाही असं गृहीत धरून बेजच्या वाटेने (आधीचा अंदाज धरून तो आकड्यांनी सुधारायची पद्धत) गेलात तरी तुम्हाला हेच ४३०.८ ते ४४३.२ मिळेल आणि तिथे शक्यता हा शब्द राजरोस वापरता येतो. पण ते या गणिताचं नशीब. दरवेळी तसं होत नाही. एक उदाहरण देते.

समजा एक एसटी एका ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी ते अर्धा तास नंतर, कधीही येते, सगळ्या मिनिटांना सारखीच संधी. ती मधली ठरलेली वेळ तुम्हाला माहीत नाही. दोन दिवस स्टँडवर उभे राहून गाडी कधी आली ते लिहिलंत. नियम असा: या दोन वेळांच्या मधला काळ हे माझं मध्यांतर. दोनपैकी एक दिवस गाडी मधल्या वेळेआधी आणि एक दिवस नंतर यायची शक्यता निम्मी, म्हणून हे चोख ५० टक्के कॉन्फिडन्सचं मध्यांतर आहे.

आता पहिल्या दिवशी गाडी ८.०५ ला आली आणि दुसऱ्या दिवशी ८.४५ ला. चाळीस मिनिटांचं अंतर. मधल्या वेळेच्या एकाच बाजूला जास्तीत जास्त तीस मिनिटंच मावतात, तेव्हा मधली वेळ या दोहोंमध्ये असलीच पाहिजे, शंभर टक्के. आणि दोन्ही दिवस गाडी ८.०५ आणि ८.०७ ला आली तर? त्या दोन मिनिटांत मधली वेळ नेमकी सापडेल यावर तुम्ही निम्मी पैज लावाल का? पद्धत दोन्ही वेळा ५० टक्केच आहे. हातातल्या मध्यांतराची गोष्ट दोन्ही वेळा निराळी आहे.

गुण कापण्याबद्दल मात्र तुमच्या बाजूची. काट मारायची तर दोन ओळी कारण लिहावं.

हिंजवडीकर
१२ मे, रात्री ११.१५

एसटीचं उदाहरण आवडलं. हे मला कुणी आधी दाखवलं नव्हतं. तरी मीटिंगमध्ये मी शक्यताच म्हणणार.

टर्किश_टॉवेल
१३ मे, दुपारी १.२०

ताई, रिंगवाली गोष्ट कळली. एसटीचं दोनदा वाचलं, तेही कळलं. एक छोटी शंका, २५ टॉवेलांना २.०६४ ऐवजी १.९६ का नाही वापरायचं? सगळीकडे १.९६ दिसतं.

एन_वजा_एक
१३ मे, दुपारी ३.००

कारण ते १५ ग्रॅमसुद्धा तू त्याच २५ टॉवेलांवरून अंदाजाने काढलेत. अंदाजावर अंदाज, म्हणून थोडी सैल रिंग. डब्लिनच्या गिनेस कंपनीत गॉसेट नावाचा माणूस बार्ली आणि बिअरवर प्रयोग करायचा, त्याच्याकडे कधीच मोठे नमुने नसत. त्याने १९०८ मध्ये हे सोडवलं आणि कंपनी स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती म्हणून "स्टुडंट" या टोपणनावाने छापलं. कारखान्यातल्या अडचणीतूनच आलंय ते, तुझ्यासारखं. २५ ला फरक थोडा आहे, २.०६४ आणि १.९६. चार टॉवेल घेतले असतेस तर ३.१८२ लागले असते, तिथे दुखतं.

जुनी_मिल
१३ मे, रात्री ८.४५

मी विव्हिंग मास्टर म्हणून निवृत्त झालो. संख्याशास्त्र फारसं येत नाही, कापड येतं. पोरी, मला दोनच गोष्टी सांग. ते २५ टॉवेल कुठून उचललेस आणि किती वाजता तोललेस?

टर्किश_टॉवेल
१३ मे, रात्री ९.३०

काका, दाराजवळच्या एक नंबर मागाशेजारी गठ्ठा होता, त्यातले वरचे २५ घेतले. दुपारी तीनच्या सुमाराला. शेडमध्येच, पत्र्याखाली.

जुनी_मिल
१३ मे, रात्री १०.१०

मे महिना, सोलापूर, दुपारचे तीन, पत्र्याखाली. अगं, कापूस हवा पितो.

सुती मालात ओलावा असतोच. व्यापारात कापसाचा हिशेब कोरड्या वजनावर साडेआठ टक्के ओलावा धरून करायचा असा दंडक आहे. ४५० ग्रॅमच्या टॉवेलात कोरडा कापूस साधारण ४१५ ग्रॅम आणि बाकीचे ३५ ग्रॅम नुसतं पाणी. प्रयोगशाळेत कापड तपासताना आपल्याकडे २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता ठेवतात आणि माल तिथे मुरू देऊन मग तोलतात, ते याचसाठी. आपल्या उन्हाळ्यात दुपारी हवा इतकी कोरडी की ओलावा साडेचार-पाच टक्क्यांवर उतरतो. साडेचार धरलास तर तोच टॉवेल ४३३ भरेल. एक धागा कमी न होता १७ ग्रॅम उडाले.

मिलच्या विव्हिंग खात्यात पाण्याचे फवारे चालायचे. बाहेरून आलेल्याला वाटायचं कामगारांना थंडावा म्हणून. अर्थ असा की कोरड्या हवेत ताणा (उभा धागा) तुटतो. आमचे कपडे मात्र कायम दमट.

त्या व्यापाऱ्याचं गोदाम कुठं आहे आणि त्याने कधी तोललं तेही विचार.

एन_वजा_एक
१३ मे, रात्री १०.५५

काकांना नमस्कार. मी दोन दिवस रिंगा फेकत बसले आणि हे विचारलंच नाही, चूक माझी.

तुझं मध्यांतर मध्यापासून सहा ग्रॅम इकडे, सहा ग्रॅम तिकडे. उन्हाने उडवलेले सतरा ग्रॅम. म्हणजे मध्यांतराच्या पूर्ण रुंदीहून मोठी चूक त्यात बसली आहे आणि मध्यांतराला तिचा पत्ता नाही. ते सूत्र एवढंच सांगतं की हे २५ सोडून दुसरे २५ उचलले असते तर किती फरक पडला असता. काटा चुकीचा, वेळ चुकीची, गठ्ठा एकाच मागाचा, यातलं काहीही त्या १५ भागिले ५ मध्ये येत नाही. २५ च्या जागी २५०० तोललेस तर प्रमाण त्रुटी ०.३ होईल आणि तू चुकीच्या आकड्याभोवती अगदी घट्ट रिंग टाकशील.

दुसरी गोष्ट. एकाच मागाचे २५ टॉवेल म्हणजे एका घरातली २५ भावंडं. त्यांची उंची मोजून गावाची उंची सांगता येत नाही. तुझी समष्टी "आठ मागांचा माल" असेल तर हे मध्यांतर तिच्याबद्दल नाहीच, फार तर एक नंबर मागाबद्दल आहे.

मालदांडी
१४ मे, सकाळी ६.२०

मी मंगळवेढ्याकडला, ज्वारीवाला. तुमच्या गोष्टीवरनं आमच्याकडचा पीक कापणी प्रयोग आठवला. विम्याला उत्पादन धरायचं तर सगळा शिवार कोण कापणार? म्हणून चिठ्ठ्यांसारखे आकडे काढून गट नंबर ठरवतात, मग त्या रानात पण आकडा काढून पावलं मोजत जातात आणि जिथं पडंल तिथं चौकोन आखतात. तेवढंच कापायचं, मळायचं, तोलायचं. एकदा माझ्या रानात आले. जागा पडली नेमकी चिबडाची, निम्मी ताटं करपलेली. मी म्हटलं साहेब हिकडं चार पावलं सरका की, हिकडं कणसं बघा कसली हायत. ते म्हणाले, तुम्ही म्हणताय म्हणूनच सरकायचं नाही.

तवा राग आला हुता. आत्ता वाचून पटलं. आणि ज्वारीचं पण तसंच हाय, कापल्या दिवशीचं वजन आन वाळल्यावरचं वजन येगळं.

एन_वजा_एक
१४ मे, सकाळी ८.००

मालदांडी दादा, तुम्ही ज्या प्रयोगाबद्दल लिहिलंत त्यामागे आपल्याच भागातला माणूस आहे. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. १९४० च्या दशकात पिकाचा अंदाज काढायला केवढा तुकडा कापायचा यावर त्यांचा आणि कलकत्त्याचे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा मोठा वाद झाला. महालनोबिस अगदी लहान तुकडे घेत, कारण थोड्या खर्चात पुष्कळ तुकडे होतात, म्हणजे प्रमाण त्रुटी कमी. सुखात्मे यांनी दाखवलं की लहान तुकड्यात उत्पादन खऱ्याहून जास्त दिसतं. कारण साधं आहे. दोरीवर आलेलं ताट आत धरायचं की बाहेर हा प्रश्न आला की हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा आणि तितकी ही चूक मोठी.

म्हणजे तुकड्यांची संख्या वाढवली आणि आकार घटवला तर मध्यांतर आवळत जातं आणि खऱ्यापासून सरकतही जातं. मी दर वर्षी वर्गात प्रमाण त्रुटीचं सूत्र शिकवते आणि दर वर्षी या गोष्टीला वेळ उरत नाही.

हिंजवडीकर
१४ मे, सकाळी ११.४०

धागा टॉवेलवरून ज्वारीवर गेला आणि चांगला झाला. @टर्किश_टॉवेल, ते २५ टॉवेल विकू नका. त्यांवर पेनाने किंवा चिठ्ठी लावून १ ते २५ नंबर टाका, वही जपून ठेवा आणि पाऊस लागला की तेच परत तोला. नवे नकोत, तेच. कारण कळेलच.

सातरस्ता
१४ मे, दुपारी १२.०५

पाऊस लागला तर. सोलापूर हाय हे.

टर्किश_टॉवेल
१९ जुलै, रात्री १०.१५

धागा वर काढतेय, माफ करा. परीक्षा होती, आणि सातरस्ता दादा म्हणाले तसं पावसाचीही वाट बघावी लागली. गेले दहा-बारा दिवस झड लागल्यासारखं आहे.

मेमधले २५ टॉवेल शेडमध्येच उघड्या फळीवर ठेवले होते, म्हणजे हवा लागत होती. परवा तेच परत तोलले, तोच काटा, काट्याला आधी एक किलोचं वजन लावून बघितलं. पंचवीसच्या पंचवीस टॉवेलांचं वजन वाढलं. प्रत्येकाचा फरक लिहिला: फरकांची सरासरी १३ ग्रॅम, फरकांचं प्रमाण विचलन फक्त २.५. प्रमाण त्रुटी २.५ भागिले ५, म्हणजे अर्धा ग्रॅम. ९५ टक्के मध्यांतर साधारण १२ ते १४.

हे बघून मी गोंधळले. टॉवेल तेवढेच, २५. मेमध्ये रिंग १२ ग्रॅम रुंद होती, आता २ ग्रॅम रुंद. मग लक्षात आलं की जड टॉवेल दोन्ही वेळा जड आणि हलका दोन्ही वेळा हलका, वजाबाकीत ते सगळं निघून गेलं आणि उरला फक्त हवेचा फरक. हिंजवडीकर दादा, "तेच परत तोला" का म्हणालात ते कळलं. नवे २५ घेतले असते तर टॉवेलांच्या आपापसातल्या पसाऱ्यामुळे हे १३ ग्रॅम इतके नेमके निघाले नसते.

शिवाय नवा नमुना पण घेतला. आठही मागांवरून पाच-पाच, आकडे चिठ्ठ्या टाकून, म्हणजे गठ्ठ्यातला कितवा ते चिठ्ठी ठरवणार. एकूण ४०. सरासरी ४४८.२, प्रमाण विचलन १९, प्रमाण त्रुटी ३. तक्त्यात ३९ ला २.०२३. मध्यांतर ४४२.१ ते ४५४.३. ४५० आत आहे! नानांनी लगेच व्यापाऱ्याला फोन लावायला घेतला.

एन_वजा_एक
१९ जुलै, रात्री १०.५०

जोडीच्या वजाबाकीसाठी पूर्ण गुण, लाल काट नाही.

पण नानांना फोन ठेवायला सांग. ४५० आत आहे, तसे ४४३ सुद्धा आत आहे. "तुमचा माल ४५० भरतो हे सिद्ध झालं" असं या मध्यांतरातून निघत नाही, "४५० नाही असं म्हणता येत नाही" एवढंच निघतं. यात फरक आहे आणि व्यापारी हुशार असेल तर तो पकडेल. रुंदी निम्मी करायची तर चौपट टॉवेल लागतील, १६०. नाना तेवढे तोलू देतील का ते बघ.

मागवार पाच-पाच घेतल्यावर प्रमाण त्रुटीचं सूत्रही खरं तर थोडं वेगळं लागतं, मागांमागांतला फरक त्यातून वजा होतो. तुझं उत्तर थोडं सैल बाजूला आहे, चालेल.

मला विचित्र वाटतंय ते दुसरंच. एक नंबर मागावर विचलन १५ होतं, आठ मागांवर १९ झालं. मागवार सरासऱ्या काढल्यास का?

टर्किश_टॉवेल
२० जुलै, सकाळी ९.००

काढल्या. सात माग ४४७ ते ४५६ मध्ये आहेत, त्या सातांची मिळून सरासरी ४५१.७. तीन नंबर माग ४२४!! पाच टॉवेल, विचलन १०, तक्त्यात ४ ला २.७७६, मध्यांतर साधारण ४१२ ते ४३६.

हिंजवडीकर
२० जुलै, सकाळी ९.४०

थांबा. आठ मागांतला सगळ्यात हलका बघून मग त्याचं मध्यांतर काढलंत. आठ रिंगा फेकून सगळ्यात लांब पडलेली उचलली तर ती लांबच पडलेली असणार. एवढा मोठा फरक योगायोगाने येणं अवघड आहे, पण जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) कामाला लावण्याआधी तीन नंबरचे आणखी पाच तोला. आधी ठरवून, मग तोलून.

जुनी_मिल
२० जुलै, दुपारी ४.१०

हे म्हणतात ते बरोबर, पण माझं मत विचाराल तर पाईल, म्हणजे टॉवेलवरचे फास बघा. जमिनीचं (खालच्या विणीचं) सूत आणि पाईलचं सूत वेगळ्या बीमवरून, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळावरून येतं. पाईलच्या बीमला ताण जास्त लागला की फास आखूड निघतो, टॉवेल दिसायला तोच, लांबी-रुंदी तीच, आणि वजन कमी. हाताला कळतं. तीन नंबरचा आणि चार नंबरचा टॉवेल डोळे मिटून दाबून बघ.

सातरस्ता
२० जुलै, दुपारी ४.३०

मी पहिल्याच दिवशी सांगितलं हुतं. हात लावून घेतो म्हणून.

टर्किश_टॉवेल
२३ जुलै, रात्री ९.५०

तीन नंबरचे नवे पाच तोलले, सरासरी ४२७. योगायोग नव्हता. जॉबर मामांनी पाईल बीमचा ब्रेक सैल केला, काका म्हणाले तेच निघालं. मामा म्हणतात पाडव्याच्या आसपास तो बदलला होता, म्हणजे व्यापाऱ्याच्या मालात तीन नंबरचा वाटा होताच.

तेव्हा हिशेब असा झाला: बराचसा फरक उन्हाचा, थोडा आमचा. नानांनी व्यापाऱ्याला दोन्ही सांगितलं, तीन नंबरचंसुद्धा. मी म्हटलं ते कशाला सांगितलं, तर म्हणाले त्याचा काटा पण आहेच की. आता ठरलंय की पुढचा माल निघायच्या दिवशी त्याचा माणूस इथे येणार, चिठ्ठ्या टाकून चार डझन काढायचे, दोघांसमोर तोलायचे आणि तारीख, वेळ पावतीवर लिहायची. मेमधले जे कापले होते त्यातले निम्मे परत येणार आहेत.

ताई, चार डझन म्हणजे ४८, पण नाना एकेक तोलायला तयार नाहीत. डझनाचा डझन तोलणार म्हणतात, म्हणजे माझ्याकडे आकडे चारच. मग टी-तक्त्यात ४७ बघायचं की ३?

एन_वजा_एक
२३ जुलै, रात्री १०.२०

३. म्हणजे ३.१८२. नानांना एकेक तोलायला बसव.